जिंकलेलं ताट

टीबीची पहिली घोषणा मी सहा-सात वर्षांची असताना दिली, आप्पांच्या खांद्यावर बसून. निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत आप्पा पत्रकं वाटायचे आणि मी वरून ओरडायचे, "खोकला लपवाल, घर गमवाल!" दारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका हसायच्या. एकदा एक जण म्हणाली, "पोरगी गोड हाय, पण बोलती कसलं अभद्र!"

आप्पा म्हणजे माझे वडील. युनियनचं काम करायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी त्यांची पत्रकं वाचायला शिकले. पुढे त्यांना बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली, आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो आणि पत्रकं मराठीची कन्नड झाली. बाकी काही बदललं नाही. आप्पा म्हणायचे, पत्रकातलं वाक्य असं पाहिजे की वाचणाऱ्याला लपायला जागा उरू नये.

हे आधी सांगते, कारण एकोणिसाव्या वर्षी मला टीबी झाला तेव्हा मी अडाणी नव्हते. हा रोग कसा होतो, कसा बरा होतो, तो पाप किंवा शाप नाही, हे सगळं मला पाठ होतं. तरी मला लाज वाटली. इतकी वाटली की ती लपवता लपवता मी आजारापेक्षा जास्त दमले. ज्यांना आज हा आजार आहे आणि ज्यांनी शेजाऱ्यांना 'न्युमोनिया' किंवा 'अशक्तपणा' सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. काय झालं तेवढं सांगते.

खिडक्या बंद

बॅडमिंटनमध्ये वारा हा सगळ्यांचा शत्रू. पिसांचं ते शटल, आम्ही त्याला फूल म्हणायचो, नुसत्या झुळकेनं रेषेबाहेर जातं. म्हणून कारखान्याच्या हॉलच्या खिडक्या कायम बंद. वरच्या झरोक्यांत पुठ्ठे कोंबलेले, दाराला आतून कडी. त्या कोंडलेल्या हवेत आम्ही दहा-बारा मुलं-मुली सकाळ-संध्याकाळ धापा टाकायचो. आप्पांच्या जुन्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं, 'घराच्या खिडक्या उघड्या ठेवा.' आमच्या हॉलमध्ये कुणी खिडकी उघडली तर राव सर त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

राव सर आमचे कोच. कन्नडमधून ओरडायचे, इंग्रजीतून कौतुक करायचे. आणि माझ्यासमोर रोज जाळीपलीकडे उभी राहायची ती रूपा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चिकपेटात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. घरची भाषा मराठी, पण चार-पाच पिढ्या बंगळुरात काढलेली मराठी. मला अक्का म्हणायची. "अक्का, स्वल्प थांब न गं, लेस सुटली." एकेरीत आमच्या दोघींची नावं राज्यात बरोबरीनं घेतली जायची. राव सर म्हणत, "एक देशाकडून खेळेल. कोण ते तुम्ही ठरवा."

फुलांची पिसं कोरडी पडली की पटापट तुटतात. म्हणून खेळण्याआधी किटलीत पाणी उकळून त्यांना वाफ द्यायची. हे काम लहान मुलांचं. त्या वर्षी दसऱ्यानंतर ते मी माझ्याकडे घेतलं. सगळे म्हणाले, राज्य पातळीवर खेळते पण पोरीला गर्व नाही. गर्वाचा प्रश्नच नव्हता. वाफेवर तोंड धरलं की माझी छाती मोकळी व्हायची आणि खोकला तासभर थांबायचा. खोकल्याचं कारणही हॉलमध्ये तयार होतं. "पिसांची धूळ," राव सर म्हणायचे. "मलाही होतो."

त्यात मी बारीक होत चालले होते. खेळाडूच्या आयुष्यात यासारखी आनंदाची गोष्ट नाही. आधी कोपऱ्यातलं जे फूल माझ्या हातून सुटायचं तिथे मी आता पोचत होते. अंगात सारखी कणकण असायची, तिला मी जोश समजायचे. राव सरांनी सगळ्यांसमोर रूपाला सांगितलं, "अरुणाकडे बघ. हलकी झाली, कशी उडते आहे! तू भात कमी कर." रूपानं रात्रीचा भात सोडला. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

त्या हंगामात मी राज्याची फायनल जिंकले, रूपाला हरवून. बक्षीस स्टीलचं होतं, एक मोठं ताट, वाट्या, पेला, चमकत्या कागदात गुंडाळलेलं. हरलेल्या रूपाला भिंतीवरचं घड्याळ. ती ते कानाशी धरून म्हणाली, "आमच्या दुकानात तीन आहेत असली. ताट मला पायजे होतं अक्का." मी हसले. मग स्टेजच्या मागे जाऊन खुर्चीवर बसले आणि बराच वेळ मला उठता येईना. वाटलं, फायनल आहे, माणूस दमणारच. आठवड्याभरात राज्याच्या संघात माझं नाव आलं.

दार उघडं होतं

स्मॅश मारायला हात वर नेला आणि डाव्या कुशीत कुणीतरी चाकू खुपसल्यासारखं झालं. पूर्ण श्वास घेता येईना. आप्पा मला दवाखान्यात घेऊन गेले. एक्स-रे झाला, थुंकी तपासायला दिली, आणि दोन दिवसांनी आम्ही निकाल घ्यायला गेलो.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. डावीकडे खाली पांढरं होतं, धुकं बसल्यासारखं. "छातीत पाणी झालंय," त्या म्हणाल्या, "आणि थुंकीतही सापडलंय. टीबी आहे."

मी आप्पांकडे बघितलं. हजार वेळा ज्यांनी हा शब्द छापला, वाटला, कर्ण्यावरून ओरडला, ते आता काय बोलतील याची मी वाट बघत होते. आप्पांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर बाकावर माणसं बसली होती.

"डॉक्टर," आप्पा म्हणाले, "जरा हळू बोला."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहायला पाहिजे. मरणाचं नाही आलं. खेळाचंही नाही. 'माझ्यासारखीला कसा?' हे आलं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या बायकांना ओरडून सांगत होते, त्यांना तो होणं मला ठीक वाटत होतं. सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या, ओल्या खोलीत राहणाऱ्या. मी त्यांच्या बाजूची होते, त्यांच्यातली नव्हते. समतेवरची सगळी पत्रकं पाठ असलेल्या मुलीच्या आत हे बसलेलं होतं. एक्स-रेत ते दिसलं नाही एवढंच.

वॉर्डातला वारा

बायकांच्या वॉर्डात एकही खिडकी बंद नसायची. थंडीचे दिवस, बंगळूरचा गार वारा सरळ पलंगांवरून जायचा. वाऱ्यापासून लपून मोठी झालेली मी, आता वाऱ्यात झोपायला शिकले.

पहाटे इंजेक्शन, मग गोळ्यांची मूठ, मग दूध आणि अंडं. पाठीत सुई घालून छातीतलं पाणी काढलं. त्याबद्दल एवढंच सांगते की भीती वाटते तेवढं दुखत नाही, आणि परिचारिकेचा हात धरायला मागितला तर ती देते. मागा.

शेजारच्या पलंगावर पुट्टम्मा होती. उदबत्त्या वळायची. ती फक्त कन्नड बोलायची आणि मला 'लंबू' म्हणायची.

"तू काय करतेस लंबू?"

"बॅडमिंटन खेळते."

"म्हणजे?"

मी हातानं दाखवलं.

"माशा मारतेस?"

"पिसं मारते."

ती एवढी हसली की तिला खोकल्याची उबळ आली, मलाही आली, आणि आम्ही दोघी आपापली कूस धरून एकमेकींना गप्प करत राहिलो.

गोळ्यांनी लघवी लाल होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर भीतीत ऐकलं नसेल. मी न्हाणीघरात किंचाळले. दाराबाहेरून पुट्टम्माचा आवाज आला, "लाल आली न? सगळ्यांची येते गं. बाहेर ये, होळी झाली तुझी."

पुट्टम्माचा नवरा एकदाही आला नाही. ती मात्र भेटेल त्याला सांगायची, मला टीबी झालाय, बरी होणार आहे, घरी जाऊन त्याच्या डोक्यात पाटा घालणार आहे. माझ्याकडे आई-आप्पा रोज यायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी आप्पा पलंगाच्या कडेला बसून हळूच म्हणाले, "हॉलमध्ये कावीळ सांगितलंय. राव सरांना, सगळ्यांना. तूही तेच सांग. संघातलं नाव राहू दे. पुढं नोकरीचं बघायचंय, लग्नाचं बघायचंय."

मला राग यायला हवा होता. तो पुष्कळ दिवसांनी आला. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. कावीळ! किती स्वच्छ आजार. कुणाच्याही घरी होतो.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "तू खेळतेस न? तो हॉल बंद असतो का?"

"हो. वारा चालत नाही."

"मग तिथं रोज जे तुझ्याबरोबर असतात त्यांना कळायला पाहिजे. कुणाला खोकला असेल, ताप असेल, त्यांनी तपासून घ्यायचं. सांगशील न?"

"हो," मी म्हणाले. शेजारच्या पलंगावर पुट्टम्मा उशीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी चादरीची घडी घालायला लागले.

ताट

घरी आले तेव्हा आईनं माझ्यासाठी जिंकलेलं ताट काढलं होतं. मी दवाखान्यात असताना तिनं चिकपेटात जाऊन ताटावर, वाट्यांवर, पेल्यावर माझं नाव कोरून आणलं होतं. भांड्यांवर नाव घालायची आमच्यात रीतच आहे, पण घरात कुणा एकट्याचं भांडं कधी नव्हतं. 'कु. अरुणा'. अक्षरं जरा तिरकी आली होती.

"ह्यात जेव," आई म्हणाली. "तुझं हाय ते. जिकलीयास."

मला किती अभिमान वाटला! मी दोन्ही वेळा त्यात जेवत होते. आठवड्याभरानं एकदा पाणी प्यायला मागच्या दारी गेले तर आई न्हाणीच्या दगडावर बसून ते ताट उकळत्या पाण्यानं धूत होती. एकटंच. बाकीची भांडी मोरीत होती. तिनं ते फळीवर ठेवलंही वेगळं, पालथं, खाली फडकं घालून.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या भांड्यानं काही लागत न्हाई. ठाऊक हाय मला. पर हात ऐकत न्हाईत गं."

तिच्यावर मी रागावले नाही. तिनं कधी पत्रक लिहिलं नव्हतं. राग आला तो आप्पांचा, कारण ताट वेगळं असल्याचं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'रोग्याचं ताट-वाटी वेगळी करून त्याला जिवंतपणी मारू नका' हे त्यांचंच वाक्य.

त्या संध्याकाळी मी ते वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

"आप्पा, रूपा रोज माझ्यासमोर उभी असायची. बंद हॉलमध्ये. तिला कोण सांगणार?"

"तिला खोकला हाय का?"

"मला काय माहीत? कावीळ झालेल्या मुलीला कोण सांगेल की मला खोकला येतोय?"

"थोडे दिवस जाऊ देत."

"थोडे दिवस? खोकला लपवाल..."

"गप!" पेपर खाली आला. आप्पांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "पत्रक लोकांसाठी असतंय, अरुणा. घरातल्या पोरीवर येळ आली की कळतंय. तिकडं संघातलं नाव कापलं तर परत लिवणार हायेस का तू? मी पत्रक काढून लिवू?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिरीमिरीत म्हणाले, "मला लाज वाटते तुमची." त्यावर आप्पा जे बोलले ते रागात नव्हतं.

"मला माझी वाटत न्हाई असं वाटतंय व्हय तुला?"

माझ्या लक्षात आलं की त्यांच्यावर ओरडणं सोपं होतं. दवाखान्यात कावीळ हा शब्द ऐकून मला सुटका वाटली होती, आणि ते फक्त मला माहीत होतं.

उसाचा रस

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलवर गेले. आप्पांना न सांगता. क्वार्टर्सपासून हॉल पाच मिनिटांवर, पण मला दोनदा कठड्यावर बसावं लागलं.

ठरवून गेले होते की आत गेल्यावर पहिलं वाक्य तेच बोलायचं. आत गेले आणि सगळे माझ्याभोवती जमले. कुणी माझे डोळे पिवळे आहेत का बघितलं. कुणी म्हणालं तेल-तूप बंद ठेव. राव सर म्हणाले, "कावीळ म्हणजे विश्रांती. संघाची काळजी मी घेतो." रूपानं पिशवीतून थर्मास काढला. "अम्मानं रोज पाठवलाय गं. तू आलीस तर द्यायचा म्हणून. उसाचा रस. काविळीला चांगला. रोज मीच प्यायले, आज तू पी."

मी तो प्यायले. सगळ्यांसमोर, पेला भरून, काविळीचा रस. गोड होता. घशाखाली उतरत होता आणि मला वाटत होतं, आता नको सांगू, उद्या सांग, आज यांनी किती प्रेमानं आणलंय. लाज अशी असते. ती वाईट माणसांपुढे वाटतेच, पण चांगल्या माणसांपुढे तोंडच बंद करते.

रूपानं माझ्या हातातून पेला घेतला. त्यात तळाशी थोडा रस उरला होता. तो तिनं तोंडाकडे नेला.

"रूपा, नको. कावीळ नाहीये मला. टीबी आहे."

वाक्य पूर्ण झालं की नाही मला आठवत नाही. पेला तिच्या हातात होता. ती एक पाऊल मागे गेली. मी कित्येक तास तिच्या पावलांवर नजर ठेवून खेळले आहे, ती पुढे येणार की मागे जाणार हे मला आधी कळायचं. हे पाऊलही मला आधी कळलं होतं.

मग मी भडाभडा सांगितलं. थुंकीत सापडलं, औषध चालू आहे, डॉक्टर म्हणाल्या कुणाला खोकला असेल तर तपासा. ठरवलेली सगळी वाक्यं बरोबर होती, पण मी रडत होते आणि जमिनीकडे बघत होते. आप्पांच्या खांद्यावरून किती खणखणीत आवाज यायचा माझा.

एका मुलीनं जर्सी वर ओढून नाकावर धरली. राव सर चालत गेले आणि त्यांनी पहिली खिडकी उघडली. ती गंजली होती, दोन हातांनी ओढावी लागली. मग दुसरी. मग सगळ्या. काठीनं झरोक्यातले पुठ्ठे पाडले. दाराची कडी काढली. बाहेरचा वारा हॉलभर फिरला आणि वाफ दिलेली फुलं टेबलावरून गडगडत खाली पडली.

"आज खेळ नाही," राव सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मधे बरंच अंतर ठेवून, "तू घरी जा पोरी. डॉक्टरांचं लिहून आण. तोवर नको येऊ." आणि हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं होतं पिसांची धूळ."

वाट बघणं

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण ते लांबच होते, त्यांत काही नव्हतं. संघातलं माझं नाव गेलं आणि तिथे रूपाचं आलं. हॉलमधल्या सगळ्यांची तपासणी झाली. रूपाचा निकाल येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. तिला त्या दिवसांत खोकला होता, थोडा, हे मला नंतर कळलं. निकाल चांगला आला. बाकीच्यांचाही. आप्पा स्वतः राव सरांकडे जाऊन खोटं बोलल्याबद्दल माफी मागून आले. घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाले, "त्यांनी चहा दिला."

रूपा आली नाही. मीही गेले नाही. तिची अम्मा एकदा बाजारात आईला भेटली आणि म्हणाली, "आमच्या मुलीनं तुमच्या मुलीसाठी रस नेला हो, आणि तुम्ही?" आई भाजी न घेताच घरी आली.

गोळ्या एक दिवसही चुकवू नका. बरं वाटायला लागलं की थांबवाव्याशा वाटतात, तेव्हाच चुकवू नका. आधी मी दारापर्यंत चालायचे, मग हॉलपर्यंत, मग एकदा सायकलवरून हेब्बाळच्या तळ्यापर्यंत गेले आणि बगळ्यांकडे बघत बसले. अंगावर मांस आलं. ज्या हलकेपणाचं एवढं कौतुक झालं होतं तो गेला. आजही मला कळत नाही की ती फायनल मी जिंकले की माझ्या तापानं.

या काळात आप्पा एका संध्याकाळी कागद घेऊन माझ्यासमोर बसले. टीबीवर नवं पत्रक काढू म्हणाले. पहिली ओळ लिहिली, खोडली. परत लिहिली, खोडली. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला. "तू लिव. मला आता जमत न्हाई. लपायला जागा ठेवतोय मी." मी जे लिहीत गेले ते पत्रकात मावलं नाही. ते हेच.

रूपा जेवायला

औषध संपलं, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, राव सरांनी परत बोलावलं. खिडक्या आता खेळाच्या मधल्या सुट्टीत उघडतात, तसा नियमच केला आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रूपासमोर उभं केलं. इतक्या महिन्यांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. ती आता राज्याकडून खेळून आली होती. तिनं मला धावडवलं, कोपऱ्याकोपऱ्यात, जराही दया न दाखवता, आणि दोन्ही गेम सहज घेतले. मी गुडघ्यांवर हात ठेवून उभी होते. ती जाळीखालून माझ्या बाजूला आली.

"भूक लागली अक्का. घर इथंच न तुमचं?"

आईची तारांबळ उडाली. आधी कळवलं असतं तर काहीतरी गोड केलं असतं, हे ती चारदा म्हणाली. "सरी, चालेल मावशी, भात असला की पुरे," रूपा म्हणाली. पानं मांडली गेली. डॉक्टरांनी लिहून दिल्यापासून आईनं माझं ताट बाकीच्या भांड्यांत मिसळलं होतं, आणि हाताला आलं ते तिनं मांडलं. मी वर बघितलं तर ते रूपापुढे होतं. कु. अरुणा.

मी उठलेच. "थांब, दुसरं देते." मी ताटाची कड धरली. बरी झाले होते, कागद होता तसा, खुद्द मी आईला सांगत आले होते की काही लागत नाही. तरी माझा हात आईच्या हातासारखाच ऐकत नव्हता.

रूपानं दुसरी कड धरली. तिरक्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अक्का, हे ते ताट न? फायनलचं?"

"हो. सोड, दुसरं..."

"सोडणार नाही. या ताटापायी मी आठवडाभर रडले होते, अम्माला विचार. मग कळलं, जिनं हरवलं तिला टीबी होता. छातीत पाणी होतं तिच्या! अर्ध्या श्वासावर खेळणाऱ्या मुलीकडून हरले मी, भात सोडून, फेऱ्या मारून. सगळं चिकपेट हसेल. आणि लाज तुला वाटते होय? स्वल्प मला पण वाटू दे की."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आप्पा ताटाकडे बघत होते, मान वर न करता.

"तू मागे गेली होतीस," मी म्हणाले. इतके महिने हेच वाक्य माझ्या घशात होतं.

रूपाचं हसू गेलं. "गेले होते," ती म्हणाली. "भ्याले मी. घरी जाऊन तो पेला फेकून दिला. अम्माला सांगितलं हरवला." मग तिनं ताट आपल्याकडे ओढलं. "आज मी जिंकले. ताट माझं. वाढा न मावशी."

मी कड सोडली. आईनं भात वाढला, वर आमटी. रूपानं पहिला घास घेतला. मी माझ्या जागेवर बसले आणि तरीही चोरून बघत होते, ताट नीट घासलेलं आहे ना, कडेला काही राहिलं नाही ना.

नीट घासलेलं होतं. सकाळी मीच घासलं होतं.